उठलं की दाब पडतो

बाबांना पार्किन्सन्स निघाला तेव्हा हात थरथरणार, चाल मंदावणार, एवढी मनाची तयारी केली होती. पण उठल्याबरोबर डोळ्यांपुढं अंधारी येऊन ते उंबऱ्यातच मटकन बसू लागले, आणि मी पार गांगरलो. तेल्हाऱ्याचा मे महिना, पारा 45च्या घरात. ऊन लागलं म्हणून घरात पन्हं, कांद्याचा रस सगळं झालं. ईसीजी ठीक, साखर ठीक. बाबांचं एकच, "काई नाई बे, चक्कर येऊन राह्यली थोडीशी."

अकोल्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना आधी निजवून रक्तदाब मोजला, मग दंडावरचा पट्टा तसाच ठेवून उभं केलं. निजून वरचा दाब 152, तिसऱ्या मिनिटाला 108. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20नं उतरला तरी दोष धरतात. इथं 44नं उतरला होता. मी मात्र नाडीच्या आकड्याकडेच बघत राहिलो. दाब एवढा पडल्यावर ती धावायला हवी. ती 74वरून जेमतेम 78 झाली.

उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं. तेव्हा रक्तवाहिन्या आवळायच्या, हृदयाला वेग द्यायचा, हे आपल्या नकळत काम करणाऱ्या नसा बघतात. पार्किन्सन्समध्ये त्या नसाही झिजतात. बाबांची जुनी बद्धकोष्ठता आम्ही वयावर ढकलली होती, तीही बहुधा यातलीच. थरथर आवरणारी लेव्होडोपाची गोळीसुद्धा दाब थोडा उतरवते. उन्हानं रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी जातं. म्हणजे घरच्यांचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं.

मग किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, यांचं मीठ थोडं वाढवा. आम्ही खारपाणपट्ट्यातली माणसं, मिठाला जपूनच असतो. तो सल्ला फक्त त्यांच्यापुरता, हे मी दोनदा विचारून घेतलं.

आता उठण्याआधी दोन ग्लास पाणी, मग बाजेच्या काठावर पाय हलवत बसणं. जेवणानंतरही दाब पडतो, म्हणून थोडं थोडं खाणं. निजल्यावर तोच दाब चढतो, म्हणून उशाकडच्या खुरांखाली विटा.

मिडोड्रिनची गोळी सुरू झाली आहे. तिच्यानंतर चार तास आडवं व्हायचं नाही, कारण निजलेल्या माणसाचा दाब ती आणखी चढवते. बाबांना तर दुपारी जेवून लवंडायची जन्माची सवय. गोळीची वेळ बदलायची की डुलकी आरामखुर्चीत घ्यायला लावायची, हे पुढच्या भेटीत विचारायचं आहे.