खातेपान बदलले

बँकेतील नोकरीतून निवृत्त झालो, तेव्हा आकड्यांशी असलेला संबंध आता संपला असे वाटले होते. परंतु व्यापारी घरात जन्मलेल्या माणसाला खरी निवृत्ती नसते. सांगलीच्या मार्केट यार्डात धाकट्या भावाची हळदीची अडत पेढी आहे. हंगामात दुपारपर्यंत तेथे बसावे, जमाखर्चावर नजर टाकावी, असा माझा नेम ठरून गेला. गेल्या हंगामात या पेढीवर एका यंत्राने मला धडा दिला. तो केवळ यंत्राविषयीचा नव्हता, म्हणून येथे सांगतो.

पेढीवर दोन संगणक आणि दोहोंत मिळून एक प्रिंटर आहे. तो वायरीने राउटरला जोडलेला असतो. मालाचे वजन, दर, हमाली-तोलाईची वजावट आणि हाती पडणारी रक्कम यांची पट्टी त्यातून निघते. पट्टी हाती आल्याखेरीज शेतकरी उठत नाही, आणि ते योग्यच आहे. हा प्रिंटर मधूनमधून बंद पडे, आणि तेही बहुधा सोमवारी. संगणकावर ‘ऑफलाइन’ अशी अक्षरे येत. मग पुतण्या जुनी जोडणी काढून टाकी, नवी करी आणि काम पुढे चाले.

आमचे दिवाणजी वडिलांच्या काळापासून पेढीवर आहेत. सोमवारी सकाळी टेबले पुसण्याचे काम ते स्वतः करतात. पुतण्या म्हणाला, “काका, पुसताना वायर हलत असणार.” मला ते पटले. पटले म्हणण्यापेक्षा, सोयीचे वाटले.

फाल्गुनातला एक सोमवार. पुतण्या पुण्याला गेलेला, यार्डात आवक मोठी आणि प्रिंटर बंद. दिवाणजी हाताने पट्ट्या लिहू लागले, पण खोळंबा झालाच. एका वृद्ध शेतकऱ्याची गावाकडची एसटी चुकली. तो काही बोलला नाही, बोललो मी. चारचौघांत म्हणालो, “दिवाणजी, ज्यातले समजत नाही त्याला हात लावू नये.” त्यांनी मान खाली घातली आणि पुढची पट्टी लिहायला घेतली. संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवून ते एवढेच म्हणाले, “साहेब, पाडव्यापासून दुसरा माणूस बघा.”

त्या रात्री झोप लागली नाही. शाखेत असताना नव्या कारकुनांना मी नेहमी सांगत असे, की रोकड जुळली नाही तर आधी व्हाउचर तपासा, माणसावर संशय नंतर घ्या. येथे मी व्हाउचर न पाहताच निकाल दिला होता.

मंगळवारी सकाळी सर्वांच्या आधी पेढी उघडली. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून त्याच्या जोडणीची माहिती छापता येते, ती छापली. त्यावर पत्ता होता 192.168.1.12. संगणकात प्रिंटरच्या माहितीत ‘पोर्ट’ या सदराखाली पाहिले, तर तेथे पत्ता होता 192.168.1.7. वायर सुटलेली असती तर राउटरकडून यंत्राला पत्ता मिळालाच नसता. वायर जागच्या जागी होती. पत्ता बदलला होता.

पुढचा उलगडा वाचून आणि विचारून झाला. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1996 साली इंटरनेटच्या नियमांनी खासगी वापरासाठी राखून ठेवले. त्यामुळे अनेक घरांत आणि पेढ्यांत तेच आकडे सुखाने नांदतात. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला असा एकेक पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. बँकेच्या खिडकीवरील टोकनच म्हणा ना! आमच्या राउटरची मुदत 24 तासांची होती. शनिवारी संध्याकाळी प्रिंटर बंद होई आणि रविवारी मुदत संपे. सोमवारी दिवाणजी टेबले पुसून प्रिंटर सुरू करीत, तोवर आलेल्या व्यापाऱ्यांचे मोबाईल वायफायला जोडले जात. एखाद्याला प्रिंटरचे जुने टोकन मिळे, प्रिंटरला नवे. संगणक बिचारा जुन्याच पत्त्यावर पट्ट्या पाठवीत राही. ज्याला नित्य शोधायचे, त्याला टोकन देऊन चालत नाही; त्याला खातेक्रमांक लागतो.

मी उत्साहाने प्रिंटरमध्ये 192.168.1.20 हा पत्ता कायम करून टाकला आणि तोच संगणकांत नोंदवला. शुक्रवारी पुन्हा तेच! माझी चूक अशी, की राउटर 2 पासून 254 पर्यंतचे सर्व आकडे वाटत होता, आणि 20 हा आकडा वाटपातून वगळायला मी विसरलो होतो. तो एका मोबाईलला गेला. एका क्रमांकाची दोन खाती झाली, म्हणजे गोंधळ ठरलेलाच. मग राउटरचे वाटप 100 ते 199 एवढ्यापुरतेच ठेवले आणि त्याबाहेरचा 192.168.1.50 प्रिंटरला दिला. सबनेट मास्क 255.255.255.0 आणि गेटवे म्हणून राउटरचा 192.168.1.1 भरला. दोन्ही संगणकांत ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून नवा पत्ता लिहिला. दुसरी रीतही आहे. प्रिंटरवर छापलेला बारा अक्षरांचा मॅक क्रमांक राउटरमध्ये नोंदवून त्याच्या नावे पत्ता राखून ठेवायचा. पण दोन्हींपैकी एकच रीत धरावी आणि ती लिहून ठेवावी.

हे काम शनिवारपर्यंत चालले. माफी मात्र मी मंगळवारीच मागितली. चारचौघांत बोललो होतो, म्हणून शेतकरी जमेपर्यंत थांबलो आणि सर्वांसमक्ष म्हणालो, “दिवाणजी, दोष तुमचा नव्हता. न तपासता बोललो, मला क्षमा करा.” दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवून आकडे दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही आकड्यांवर बोट फिरवले आणि म्हणाले, “म्हणजे खातेपान बदलले आणि सूचीत जुनेच राहिले!” मला समजायला एक रात्र आणि एक सकाळ लागली होती, त्यांना अर्धे मिनिट पुरले.

किल्ल्यांचा जुडगा मी त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो लगेच उचलला नाही. दिवसभराच्या पट्ट्या हाताने लिहून झाल्या, गल्ला जुळला, तेव्हा तो नेहमीप्रमाणे कनवटीला लावला. पाडव्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी प्रिंटर सुरू होताच पहिली पट्टी निघाली. आज त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तीवर पत्ता, राउटरच्या वाटपाची मर्यादा आणि तारीख लिहिलेली आहे. अक्षर दिवाणजींचे आहे.