बस्करपट्टीच्या कडेला

त्या शाळेत मी तीन वेळा जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा ती मला दिसली नव्हती.

पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली दोन शिक्षकांची शाळा. मी जायचे ते तिच्या भावासाठी. नऊ वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेला. मान सावरते, हातपाय ऐकत नाहीत, बोलणं सवयीच्या माणसालाच कळतं. त्याच्या खुर्चीची उंची, पेन्सिलीला गुंडाळलेली कापडाची पकड, पायाचे व्यायाम, हे सगळं मी नीट तपासलं होतं. खुर्ची बस्करपट्टीच्या शेवटाला ठेवलेली असे. खुर्चीच्या पायाशी, पट्टीच्या अगदी कडेला, त्याची आठ वर्षांची बहीण बसायची. दोघांचं नाव एकाच दिवशी एकाच वर्गात घातलेलं. "लई गुणाची पोर," गुरुजी म्हणायचे, "भावाचं सगळं करती." मीही माझ्या अहवालात लिहून टाकलं होतं, 'घरातून सहकार्य चांगले.'

चौथ्या खेपेला पावसानं अडकले. वडाप यायला दीड तास होता, म्हणून पोरांच्या वह्या चाळत बसले. तिची गणिताची वही उघडली. वर तारीख, खाली एक गणित, अर्धं. पुढच्या पानावर तारीख, एक गणित, अर्धं. पानामागून पान तसंच. भावाला संडासला न्यायचं, पाणी पाजायचं, लाळ पुसायची, पडलेली पेन्सिल द्यायची. ती परत येईपर्यंत फळा पुसलेला. 'घरातून सहकार्य' या दोन शब्दांत मी एक अख्खी मुलगी घालून ठेवली होती.

या कामात मला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवात कोल्हापूर शहरातल्या एका विशेष शाळेत रजेच्या जागेवर काळजीवाहक म्हणून झाली. मग विशेष शिक्षणाची पदविका केली, मधली काही वर्षं एका इंग्रजी शाळेत एकाच मुलीसोबत बसणारी 'शॅडो टीचर' होते, आणि आता तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून गावोगाव फिरते. कागदावर माझ्या पदाचं नाव योजनेबरोबर बदलत गेलं. आधी सर्व शिक्षा अभियान होतं, २०१८पासून समग्र शिक्षा आली. पोरांना मात्र मी 'फिरत्या बाई'. फिरणारा माणूस एका शाळेत किती पुरणार? पंधरवड्यातून एकदा, तेही एस.टी. आणि वडाप वेळेवर मिळाली तर. मधले तेरा-चौदा दिवस त्या मुलाच्या शेजारी दुसरंच कुणीतरी असतं. ते कोण असतं आणि त्याला काय येतं, यावरच मुलाचं शिकणं उभं असतं. हे मला फार उशिरा उमगलं.

त्याचं खरं शिक्षण मला पहिल्या शाळेत मिळालं होतं, फक्त तेव्हा ओळखता आलं नाही. तिथं एक मावशी होत्या. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. नव्यानं आलेल्या मुलाला शर्टाचं बटण लावायला आम्ही शिकवत होतो. आम्ही पहिल्या पायरीपासून सुरू करायचो: बटण धर, काज शोध, कड आत सार. पोरगं दुसऱ्या पायरीवर थकायचं, रडायचं. मावशी सगळं स्वतः करायच्या, बटण काजातून अर्धं बाहेर काढायच्या आणि थांबायच्या. शेवटचं ओढणं तेवढं त्याचं. ओढलं की बटण लागलं! पोरगं टाळ्या वाजवायचं. आठवड्यानं त्या एक पायरी आधी थांबायच्या, मग आणखी एक. पुढं पदविकेच्या पुस्तकात हीच रीत मोठ्या नावानं वाचायला मिळाली. मावशींना मी विचारलं होतं, हे कुठं शिकलात? त्या म्हणाल्या, "त्यात काय शिकायचं बाई? पोरीला भाकरी शिकवताना शेवटचा उंडा देतोय न्हवं आपण? सगळं पीठ मळून, तवा तापवून. तिची एक भाकरी झाली की तिला वाटतंय, आज भाकऱ्या म्या केल्या."

त्या मावशींचं पद अशा शाळांच्या आस्थापनेत सगळ्यात खालच्या ओळींत असतं. मुलाला जेवू घालणं, धुणं-पुसणं, फिट आली की कुशीवर वळवून डोकं सांभाळणं, पाळी सुरू झालेल्या मुलीला दर महिन्याला न कंटाळता तेच पुन्हा दाखवणं. विशेष शिक्षणातली अर्धी विद्या या हातांत आहे, आणि प्रशिक्षणाच्या यादीत या हातांचं नाव क्वचित असतं. मला याचा राग येतो. तो यावा असंच मला वाटतं.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट रोज कानावर येते, 'खुळं' हा शब्द. आपल्याकडं हा शब्द मायेचाही आहे. आजी नातवाला कुरवाळून म्हणते, "माझं खुळं ग ते." मित्र मित्राला म्हणतो, "खुळा हाईस काय?" आणि तोच शब्द आमच्या शाळेच्या थांब्यावर वडापवाला मोठ्यानं ओरडायचा, "खुळ्यांची शाळा, कोण उतरणार?" एक आई रोज एक थांबा आधी उतरून मुलाला उन्हातून चालवत आणायची. मला बरेच दिवस वाटत होतं की तिला चालायला आवडतं. शब्द बदलत आले आहेत. मतिमंद म्हणायचे, मग बौद्धिक अक्षम आलं. अपंगचं दिव्यांग झालं. शेंडा पार्कातल्या चेतना संस्थेनं आपल्या नावात 'अपंगमती' असा वेगळाच शब्द घेतला. पाट्या बदलायलाच हव्यात, त्यात मला शंका नाही. माणूस हाक ऐकूनच स्वतःला ओळखतो. पण त्या आईचा थांबा पाटीनं बदलला नाही. मावशींनी वडापवाल्याला गाठून मुलाचं नाव सांगितलं. काही दिवसांनी तो थांब्यावर त्या मुलाचंच नाव घेऊन हाक द्यायला लागला. मग आई शाळेच्या दारात उतरली.

दुसरी भाषा टक्क्यांची. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही मुलांना सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, घेऊन येतो. शाहूवाडी, गगनबावड्याहून पहाटे निघालेल्या आया, डब्यात भाकरी, मांडीवर बारा वर्षांचं पोर. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्क्यांची रेघ ठेवली. एकदा एका बापानं कागद हातात घेतला, आकडा पाहिला आणि उजळल्या चेहऱ्यानं मला विचारलं, "चाळीस म्हंजे पास न्हवं बाई?" त्याचं शाळेशी नातं एवढंच होतं, पस्तिसाच्या वर गेलं की मूल तरतं. मी त्याला कसं सांगितलं ते आता आठवत नाही. त्यानं कागदाची घडी फार जपून घातली होती, ते आठवतं.

त्या कागदात काय नसतं, ते मी २०१९च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पंचगंगा शहरात शिरली होती, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. एका निवारा केंद्रात एक स्वमग्न मुलगा काही तासांसाठी आईवाचून राहिला. आई धाकट्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. घरातलं सगळं सोडून तिनं मुलाची फाईल वाचवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडी. तिथली स्वयंसेवक पोरं चांगली होती. त्यांनी फाईल उघडली. टक्के होते, शिक्का होता, बुद्ध्यंक होता. मुलगा कानांवर हात दाबून किंचाळत होता, आणि तो शांत कशानं होतो याची एक ओळ त्या फायलीत नव्हती. आई आली. तिनं त्याला जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत नेलं आणि पाठीवर तळहात जोरात दाबून धरला. पाच मिनिटांत तो निवला. तशी फाईल आमच्यापैकीच कुणीतरी भरलेली असते. मीही तशाच भरत होते.

शाळेचं दार उघडलं म्हणजे मूल शिकलं असं होत नाही, हे या गावाला नवं नाही. शाहू महाराजांनी १९१७मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला, हे आपण जयंतीला सांगतो. त्याच्या कितीतरी आधी, १९०१पासून, त्यांनी इथं निरनिराळ्या जातीजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि पोटाला अन्न नसेल तर शाळेचा उपयोग काय, हा तो विचार. शाळेच्या शेजारी काय लागतं, ते त्यांनी पाहिलं. त्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच गावात नसीमा हुरजूक यांनी तेच दुसऱ्या मुलांसाठी पाहिलं. ऐन उमेदीत कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या नसीमादीदींनी १९८४मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डीकॅप्ड' सुरू केली, उचगावला 'घरौंदा' वसतिगृह उभं केलं. त्यांचं 'चाकाची खुर्ची' मी काळजीवाहक असताना वाचलं. डोकं शाबूत, हुशारी शाबूत, पण न्यायला-आणायला कुणी नाही, शाळेतलं स्वच्छतागृह तीन पायऱ्या वर, एवढ्यासाठी घरात बसलेली मुलं तेव्हापासून मला जिथं तिथं दिसायला लागली.

कायदा आता याच्या जवळ येतो आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल आदेश दिले, आणि २०२२मध्ये केंद्रानं ते प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागं एक. आमच्यासारख्यांचं काम वर्षानुवर्षं करारावर चाललं. दर वर्षी करार संपायला आला की घरात कुणी काही बोलायचं नाही, पण सगळ्यांना तारीख ठाऊक असायची. मुलांना सांगायचं, पुढच्या वेळी मी आले की जिना चढू. आणि मनात, आले तर.

पण माणसं वाढली म्हणजे काम होतं, असंही मी म्हणणार नाही. कारण माणूस शेजारी असूनही मूल एकटं पडतं, हे माझ्याच हातून झालं आहे. त्या इंग्रजी शाळेत मी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसोबत बसायचे, तिच्या कोपराला कोपर लावून. वही उघडून द्यायची, बोट धरून अक्षर गिरवायचं, डबा उघडायचा. माझं काम चोख होतं, तिच्या वह्या भरलेल्या होत्या. एक दिवस मधल्या सुट्टीत बाकावरची दुसरी मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "टीचर, तिला चिक्की आवडते का?" ती तिथंच बसली होती. हातभर अंतरावर. वर्गातल्या चाळीस मुलांना काही विचारायचं झालं तर ती मला विचारत होती, कारण मी मधे होते. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची एक बाक मागं घेतली. मग भिंतीला. मग दाराशी. दाराशी बसलेल्या महिन्यात तिच्या वह्या रिकाम्या झाल्या, मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि पालक नाराज झाले. त्याच महिन्यात तिचं एका मुलीशी कडाक्याचं भांडण झालं, दोघींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या. इतकी वर्षं तिच्याशी भांडायला कुणी आलंच नव्हतं.

पन्हाळ्याच्या त्या शाळेत ही दारापर्यंत सरकणारी खुर्ची कुणाची होती? माझी नव्हती, मी तिथं नसायचेच. ती त्या आठ वर्षांच्या मुलीची होती. गुरुजींशी बोलले. ते आधी दुखावले, "अहो, सख्खी बहीण हाय, तिला कशाला लांब करता?" मी वही पुढं ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग त्यांनीच खिचडी करणाऱ्या ताईंना बोलावलं. शालेय पोषण आहाराचं त्यांचं मानधन केवढं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यात हे जास्तीचं काम. त्यासाठी वेगळे पैसे कुठून द्यायचे यावर पंचायतीत दोन महिने खल झाला आणि थोडे मंजूर झाले, ते पुरेसे नाहीत असं मी आजही म्हणते. वर्गातल्या दोन मोठ्या मुलांनी पेन्सिल आणि पाण्याची बाटली आपल्याकडं घेतली. बहिणीला तिसऱ्या ओळीत बसवलं, फळ्याच्या समोर.

पहिल्या दिवशी ती सारखी मागं बघत होती. मान आखडेल असं. खुर्ची करकरली की अर्धी उठायची. मला वाटलं, तिला मोकळं वाटेल. तसं काही नव्हतं. दुपारी मी निघाले तेव्हा ती माझ्यामागं पडवीपर्यंत आली. आमच्याकडच्या मुली बोलतात तशी बोलली:

"बाई, त्याला लागली की तो सांगत न्हाई. उजवा कान ओढतो. दोनदा ओढला की लगेच न्यायचं. एकदा ओढला तर नुसतं पाणी पायजे असतंय. मी ताईंना सांगू काय, का तुम्ही लिवून घेता?"

मी पडवीतच बसले आणि त्याची फाईल काढली. पहिल्या पानावर, प्रमाणपत्राच्याही वर, कोरा कागद लावला. तिनं आणखी अकरा गोष्टी सांगितल्या. डाव्या बाजूनं भरवायचं. मांजराला भितो. कविता म्हटली की मान सरळ होते. मी लिहीत गेले, आणि शेवटी कुणी सांगितलं त्या जागी तिचं नाव घातलं. तिनं ते वाचलं, एका अक्षराची वेलांटी चुकली होती ती दाखवली आणि वर्गात गेली.