बोरमाळेची छायाचित्रे

आजीकडून आईकडे आलेली बोरमाळ आणि जोंधळी पोत मोडून नातीसाठी बांगड्या करायचे घरात ठरले. त्याआधी मी दोन्हींची छायाचित्रे घेतली. खिडकीला पांढरी मलमल लावली. थेट उन्हात सोने नुसते चकाकते, घडण दिसत नाही. इतक्या जवळून एक मणी स्पष्ट झाला की शेजारचा धूसर होतो, म्हणून मण्यामण्याने पुढे जावे लागले. रानातल्या बोराचे, जोंधळ्याचे नाव सोन्याला देणारी आपली भाषा! आता या शब्दांना घरात दाखवायला वस्तू उरणार नाही. प्रत्येक छायाचित्राखाली मी नाव लिहिले. एका मण्याचा पत्रा आतल्या लाखेपर्यंत चेपलेला दिसला. आई म्हणाली, “तुझ्या धाकट्या मामाचे दात आहेत ते.”