इबिझा: नाच, मीठ आणि घासाघीस

बार्सिलोनात नोकरी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, इबिझा पाठ आहे. मी फोनवर हॉटेलांची नावं वाचत होते, तर ती म्हणाली, "आधी झोपायचं कधी ते ठरव. हॉटेल मग बघू."

हिशेब सरळ होता. इथले क्लब रात्री बाराला उघडतात, रंग चढतो दोननंतर आणि माणसं बाहेर पडतात पहाटे सहाला. रोज नाचायला गेलं तर दिवस खोलीत पडदे ओढून जाणार आणि समुद्र बघायचा राहणार. म्हणून नाचाच्या रात्री मोजक्याच ठेवल्या. महिना जून. हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर, पण जुलै-ऑगस्टमधले खोल्यांचे भाव बघून मी लॅपटॉप मिटला होता. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो वेळेत केला. क्लबची तिकिटंही आधीच काढली, उशीर झाला की ती महागतात.

बार्सिलोनाहून विमान तासाभराचं. आम्ही रात्रीची बोट घेतली आणि सकाळी डेकवरून दाल्त विला या जुन्या गावाचा सोळाव्या शतकातला तट वर येताना पाहिला. फिनिशियन लोकांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात इथे वस्ती केली. १९९९ साली हे सगळं युनेस्कोच्या यादीत गेलं. धक्क्याजवळ एक उंच स्मारक आहे, समुद्री लुटारूंचं! राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारे हे लोक बेटाचे वीर. रात्री क्लबमध्ये पाण्याच्या बाटलीचे पैसे दिल्यावर मला ते स्मारक अगदी योग्य जागी वाटलं.

पाचा हा क्लब १९७३ पासून चालू आहे, पण आम्ही अ‍ॅम्नेशिया निवडला. मूळचं हे शेतावरचं घर. ऐंशीच्या दशकात अल्फ्रेदो नावाचा अर्जेंटिनाचा डीजे इथे उघड्या आकाशाखाली रॉक, पॉप, हाउस असं काहीही एकापाठोपाठ वाजवायचा. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनचे काही डीजे सुट्टीवर आले, त्यांनी ते ऐकलं आणि परत जाऊन तसेच क्लब काढले. ब्रिटनमधल्या अ‍ॅसिड हाउसच्या लाटेला जोर मिळाला तो तिथून. आता त्या उघड्या जागेवर छप्पर आहे. मध्येच वरून थंडगार धुराचा झोत सुटतो, शेजारचा माणूस दिसेनासा होतो आणि हजारो लोक एकदम ओरडतात. पहाटे छपरातून उजेड झिरपू लागला तेव्हा ताई चप्पल हातात घेऊन नाचत होती. परतीला रात्रभर चालणारी डिस्कोबस होतीच. टॅक्सीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ती बरी.

पण मला विचाराल तर खरं बेट सेस सालिनेसला आहे. एका बाजूला मिठागरं, गुलाबी झाक असलेलं पाणी, मिठाचे पांढरे ढीग. दुसऱ्या बाजूला तो झगमगता किनारा. क्लब येण्याआधी शतकानुशतकं हे बेट मिठावर जगलं. वाळूवर तपकिरी पात्यांचे ढीग पडलेले असतात. नवखे पर्यटक कचरा म्हणून नाकं मुरडतात. ते पोसिडोनिया, समुद्राच्या तळाशी वाढणारं गवत. त्याच्या कुरणांमुळे गाळ खाली बसतो, पाणी नितळ राहतं. किनाऱ्यावरचे हेच ढीग लाटांपासून वाळू धरून ठेवतात. २०१८ पासून या कुरणांवर नांगर टाकायला कायद्याने बंदी आहे. ज्या निळ्या पाण्याचे फोटो बघून लोक येतात, त्याचं श्रेय या गवताला. पोस्टरवर मात्र डीजेच असतो.

शनिवारी सांत कार्लेसजवळच्या लास दालियास बाजारात गेलो. साठ-सत्तरच्या दशकांतले हिप्पी उन्हाळा इबिझात आणि हिवाळा गोव्यात काढायचे. त्यामुळे इथल्या माळा, घंटा, छापील चादरी बघून हणजूणला आल्यासारखं वाटतं. एका पांढऱ्या दाढीवाल्या विक्रेत्याकडे जयपुरी छापाची चादर होती. किंमत ऐकून मी सवयीने हिंदीत म्हटलं, "भैया, थोडा कम करो."

"नहीं होगा, दीदी," तो शांतपणे म्हणाला. कित्येक हिवाळे हणजूणला काढले होते म्हणे त्याने.

मी चादर खाली ठेवली. ताईने पैसे काढले.