काळी नळी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या कचेरीत मी एकटाच जुनी हजेरीपत्रकं चाळत बसलो होतो. दारात एक धिप्पाड जवान उभा. "सर, ओळखलात?" वाकून पाया पडला, तेव्हा भुवईवरच्या व्रणामुळं ओळख पटली. वीस वर्षांपूर्वी नववीला माझ्या वर्गात होता. घरी कन्नड, शाळेत मराठी. आता सैन्याच्या इंजिनिअर पथकात, लडाखमध्ये.

पिशवीतून हातभर लांबीची काळी नळी काढून त्यानं टेबलावर ठेवली. "सर, तिकडं पाणी हिच्यातनं नेतो आम्ही."

मी एम.ए. मराठी. विज्ञानाची आणि माझी ओळख बेताचीच. तरी मी विचारलं, "आपल्या टाकीची पीव्हीसीची नळी नाही चालत?"

"नाही सर. पीव्हीसी मुळातच ताठर. थंडीत आणखी कडक होते, ठोका बसला की तडकते. त्यात पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. ही एचडीपीई. उणे 20 अंशांतही हिचा चिवटपणा जात नाही. हिचे रेणू पुरते थिजायला पारा उणे 100 च्याही खाली जावा लागतो. पीव्हीसीचे 80 अंशांनाच थिजलेले असतात."

"म्हणजे काळजी मिटली?"

"कुठली! नळी फुटली नाही तरी आत बर्फ झाला की पाणी बंदच. म्हणून माती जिथवर गोठते, त्याच्याही खाली चर खणून पुरायची. आणि ताणून टाकायची नाही. 100 मीटर नळी 30 अंशांनी गार झाली की अर्धा मीटरभर आखडते. ताणलेली असली तर ओढ जोडावर येते. म्हणून नागमोडी, सैल सोडायची."

तो उत्साहानं सांगत होता आणि मला त्याची नववीतली वही दिसत होती. पावसावरच्या निबंधात त्यानं पाण्याला 'नीरु' लिहिलं होतं. मी लाल फुली मारली, वर्गात वाचून दाखवलं. पोरं हसली. वर हातावर पट्टीही मारली. 'नीर' हा शब्द आपल्या मराठीतही आहे, हे त्या दिवशी माझ्या एम.ए.ला आठवलं नाही. नंतर तो आठवडाभर शाळेत आला नव्हता.

"त्या दिवशी माझं चुकलं रे," मी म्हणालो.

तो क्षणभर गप्प झाला. मग हसला. "शाळा सोडलीच होती सर. अव्वानं हाताला धरून परत आणून सोडलं."

त्या माऊलीला मी कधी भेटलोही नाही. एका लाल फुलीपायी एक पोर माझ्या हातून जाणार होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

नळी त्यानं माझ्यापाशीच ठेवली. वह्या तपासताना ती समोर असते. निबंधात कन्नड शब्द आला की आता फुली मारत नाही. खाली बारीक रेघ ओढतो आणि शेजारी मराठी शब्द लिहितो.