दादांची बोगी आणि माझी दहावी

माझ्या आईला कुणी विचारले, की पोरीला दहावीला अठ्ठावन्नच टक्के कसे पडले, तर तिचे उत्तर ठरलेले असते, "इंजिनामुळे." ऐकणाऱ्याला वाटते, रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते, रात्रभर गाड्यांचा आवाज, पोरीचा अभ्यास झाला नसेल. आई पुढचे सांगत नाही. ते आज मी सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, १९७४ साली मध्य रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये खलाशी म्हणून लागले. शिक्षण आठवी. आधी झाडू, मग ग्रीसचा डबा, मग पाना, असे करत करत ते बोगी सेक्शनला फिटर झाले. आपण गाडीच्या डब्याला बोगी म्हणतो. शेडमध्ये तसे म्हटले तर लोक हसतात. तिथे बोगी म्हणजे इंजिनाच्या खालचा चाकांचा सांगाडा. एका इंजिनाला अशा दोन बोग्या. प्रत्येकीला तीन आस, सहा चाके, तीन मोटरी. वरचे अख्खे इंजिन त्यांच्यावर बसलेले असते.

दादांच्या हातातले इंजिन डब्ल्यूडीएम-२. डब्ल्यू म्हणजे मोठा रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मालगाडी आणि पॅसेंजर दोन्हीला चालणारे. नकाशे अमेरिकेच्या अल्को कंपनीचे. पहिली इंजिने १९६२ साली तिकडून आली. मग बनारसला कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथले पहिले इंजिन बाहेर पडले. पुढे तीसेक वर्षे तेच बनत राहिले, अडीच हजारांच्या वर. पण तेच म्हणजे अगदी तसेच नव्हे. आधी व्हॅक्यूमचा ब्रेक होता, पुढे हवेच्या दाबाचा आला, तेव्हा जुन्या इंजिनांना तो मागून बसवला. डिझेल वाचवायला टर्बो बदलला, इंधनाचे पंप बदलले, पिस्टनच्या डोक्याला पोलादी टोपी आली. २६०० हॉर्सपॉवरच्या त्याच सोळा सिलिंडरांतून ३१०० काढले. दादा म्हणत, "जन्म तिकडचा, पण वाढलं आपल्या हातात."

हे यंत्र चालते कसे, ते मला फार लहानपणी कळले, आणि तेही आईच्या भांडणामुळे. डिझेल इंजिन चाके फिरवत नाही, असे दादा एकदा जेवताना म्हणाले. आई म्हणाली, "मग एवढं डिझेल जाळता कशाला? चूल पेटवायला?" दादांनी भाकरी ताटात ठेवली आणि समजावले. डिझेल इंजिन वीज तयार करणारे यंत्र फिरवते. ती वीज तारांनी खाली बोगीत जाते. तिथल्या सहा मोटरी चाके फिरवतात. म्हणजे इंजिन आपले वीजघर डोक्यावर घेऊन पळते. आई म्हणाली, "एवढा उपद्व्याप कशाला? सरळ फिरवायची की चाकं." दादा म्हणाले, "हजारो टन वजन जागेवरून हलवायचं असतं. सरळ जोडलं तर इंजिनच बंद पडेल. मोटर उभ्या जागेवरून सगळ्यात जास्त जोर लावते." आईला पटले की नाही ते कळले नाही. मला पटले होते.

आता १९९६ कडे येते. त्या पावसाळ्यात शेडमध्ये नवे इंजिन आले. नाव डब्ल्यूडीजी-२. जी म्हणजे फक्त मालगाडीसाठी. पुढे त्याचेच नाव डब्ल्यूडीजी-३ए झाले. तीन म्हणजे तीन हजार हॉर्सपॉवर आणि ए म्हणजे वर शंभर. अशा इंजिनाची गरज का पडली? मालगाड्या फार जड झाल्या होत्या. कोळशाचे नवे पोलादी वाघीण अठ्ठावन्न जोडले, की भरलेली गाडी पावणेपाच हजार टनांच्या आसपास जाते. जुने इंजिन ती पळवू शके, पण चढावर उभी राहिली तर उठवताना चाके जागच्या जागी गरगरत, रूळ भाजत. ड्रायव्हर वाळू सोडून सोडून थकत.

नव्या इंजिनाचे वरचे घर जुन्याच घराण्यातले होते. तेच सोळा सिलिंडर. त्यात दादांच्या मित्रांना नवीन फार नव्हते. बदलले होते ते खालचे, म्हणजे नेमके दादांचे. त्याच हिवाळ्यात ग्रेड वनची ट्रेड टेस्ट होती. वरच्या एका साहेबांनी सर्वांसमोर म्हटले, "नवीन बोगी आहे, सगळं इंग्रजीत आहे, आठवीवाल्यांनी उगाच फॉर्म भरू नये." दादांनी हे घरी सांगितले नाही. ते मला पुढे दुसऱ्या कुणाकडून कळले. दादांनी फॉर्म भरला, आणि एका रात्री चक्रमुद्रित कागदांचा गठ्ठा पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "पोरी, तू इंग्रजी वाच. मराठी मी करतो."

आई उठलीच. "अहो, तिचं दहावीचं वर्ष आहे!"

दादा म्हणाले, "तासभरच."

तह असा झाला, की आठ ते दहा माझा अभ्यास, दहा ते अकरा दादांचा. प्रत्यक्षात काय व्हायचे ते आईला ठाऊक नव्हते, आज कळेल. आठ वाजताच मी बीजगणिताच्या पुस्तकात ते कागद ठेवून वाचायची. दादांसाठी नव्हे. मला ते आवडू लागले होते. शाळेत सूत्र पाठ करायला सांगत, ते कुठून आले हे कुणी सांगत नसे. इथे प्रत्येक गोष्टीला कारण होते, आणि कारण सांगणारा माणूस समोर मांडी घालून बसलेला होता.

पहिल्याच आठवड्यात आमचे वाजले. एक वाक्य होते, की मधला खुंट, ज्याला सेंटर पिव्हट म्हणतात, तो वरचे वजन घेत नाही. मी तसे सांगितले. दादा म्हणाले, "चुकलीस. परत वाच." परत वाचले. "परत." तिसऱ्यांदा वाचले. दादा चिडले. "बावीस वर्षं मी बोगी उघडतोय. साठ टक्के वजन मधल्या खुंटावर असतं, उरलेलं बाजूच्या दोन गाद्यांवर. खुंट वजन घेत नाही तर इंजिन काय हवेत तरंगतं?" मला रडू आले. इंग्रजी माझेही काही फार चांगले नव्हते, त्यामुळे आपलेच चुकले असेल असे वाटू लागले. आई आतून म्हणाली, "झोपा आता दोघं."

दुसऱ्या दिवशी दादा रात्री उशिरा आले. कपडे काळे, कोपर सोललेले. हात न धुताच म्हणाले, "पोरी, तू बरोबर होतीस." डबा खायच्या सुट्टीत ते बॅटरी घेऊन पिटात नव्या इंजिनाखाली आडवे झाले होते. वजन चार रबरी गाद्यांवर होते, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. मधला खुंट फक्त ओढण्यासाठी. आणि तो जुन्यापेक्षा खाली उतरवला होता. का उतरवला, ते कागदात दोन ओळींत होते, पण मला कळेना. दादांनी ते मला गाडीवरून सांगितले.

वाचकहो, ज्यांनी गावी बैलगाडी जुंपली आहे त्यांना उलाळ माहीत आहे. मागे पोती जास्त झाली की गाडी मागे कलते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. इंजिनाचेही तसेच. ते पुढे जोर लावते, मागून हजारो टन ओढून धरतात, मग पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि मागच्यांवर वाढतो. हलके झालेले चाक रुळाला चिकटत नाही, घसरते. सहा आसांपैकी एक जरी घसरला, तरी सगळा जोर त्याच्या मानाने कमी करावा लागतो. मग उपाय काय? एक, वजन वाढवा. जुने इंजिन सुमारे ११३ टन होते, नवे १२३ टन केले. दुसरा, ओढण्याची जागा खाली आणा, म्हणजे उलाळ कमी. तिसरा उपाय दादांना सर्वांत आवडला. जुन्या बोगीत तीन मोटरींपैकी दोघींचे तोंड एकीकडे आणि एकीचे उलटे. त्यामुळे आसांमधली अंतरेही सारखी नव्हती. मोटर जोर लावते तेव्हा सांगाड्याला उलटा धक्का देते. दोघी एक म्हणतात, तिसरी दुसरेच. नव्यात तिन्ही मोटरी एकाच दिशेला बसवल्या, आस समान अंतरावर आले. भार सगळ्या चाकांवर जवळजवळ सारखा राहू लागला. "घरात तिघांची तोंडं तीन दिशेला असली तर संसार ओढेल का?" दादा म्हणाले. आई म्हणाली, "इथं दोघांची तरी कुठं एका दिशेला आहेत?"

दात्यांची गोष्ट सोपी होती. पिठाच्या गिरणीत मोटरची पुली लहान आणि जात्याची मोठी असते, तसेच. मोटरच्या लहान दातेरी चाकाला १८ दाते. आसावरच्या मोठ्या चाकाला जुन्या इंजिनात ६५ होते, नव्यात ७४ केले. मोटर जास्त फिरते, चाक कमी फिरते, वेग जातो आणि जोर येतो. जुने ताशी १२० किलोमीटर जाई, नव्याला १०० ची मर्यादा. पण सुरुवातीची ओढ तीस टनांवरून अडतीस टनांच्या जवळ गेली. मी हा भागाकार पाटीवर करून दाखवला. ३.६१ आणि ४.११. दादांनी ते आकडे तळहातावर पेनने लिहून घेतले, शेडमध्ये कुणाला तरी सांगायला.

ट्रेड टेस्ट फेब्रुवारी १९९७ मध्ये झाली. हाताच्या कामात दादांना भीती नव्हती. तोंडी परीक्षेत विचारले, तीन मोटरी एका दिशेला का? दादांनी हिंदीत सुरुवात केली आणि उलाळ शब्दाशी अडकले. हिंदीत उलाळला काय म्हणतात? शेवटी उठले, बसायची खुर्ची घेतली, पाठीला धरून मागे कलवली आणि पुढचे दोन पाय उचललेले दाखवले. परीक्षक हसले म्हणे. मग म्हणाले, आता हेच सेंटर पिव्हटवर सांगा. दादांनी सांगितले, वजन घेत नाही, फक्त ओढतो. पास झाले.

मार्चमध्ये माझी दहावी झाली. बीजगणित जेमतेम. मला तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचे होते. त्या गुणांवर यादीत नाव लागले नाही. मी कॉमर्स केले आणि पुढे एका पतपेढीत लागले, आजही तिथेच आहे. दादांना ग्रेड वनचे वाढीव पगाराचे पहिले पाकीट मिळाले, त्या दिवशी त्यांनी ते आईच्या हातात न देता माझ्या हातात दिले. बोलले काहीच नाहीत. मीही नाही. बीजगणिताच्या पुस्तकात काय होते, हे मी त्यांना सांगितले नव्हते, आणि ते सांगितले असते तर त्यांना बरे वाटले असते की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही. आई मात्र दर पाहुण्याला सांगते, इंजिनामुळे.

दादा २०१४ साली निवृत्त झाले. त्या इंजिनाचे दिवसही तेव्हा भरत आले होते. तारा सगळीकडे पोचत होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण पुरे झाले. पण त्याआधी एक बातमी आली होती. बनारसच्या त्याच कारखान्यात दोन डब्ल्यूडीजी-३ए इंजिने उघडली, डिझेलचा संसार बाहेर काढला, आत विजेची यंत्रे बसवली आणि दोघांचे मिळून दहा हजार हॉर्सपॉवरचे एक विजेचे इंजिन केले. काम डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले, फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस इंजिन कारखान्याबाहेर पडले, आणि १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी त्याला बनारसमध्ये हिरवा झेंडा दाखवला.

इतकी वर्षे शेडच्या आवाजात काढल्यामुळे दादांना आता फारच कमी ऐकू येते. मोठ्याने सांगितले तरी शब्द निसटतात. म्हणून ती बातमी मी त्यांना वहीच्या पानावर लिहून दिली, मोठ्या अक्षरांत, मराठीत. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचले. दोन इंजिनांचे ६२०० होतात, मग दहा हजार कसे, असे विचारले. मी लिहिले, वीज वरच्या तारेतून येते. त्यांनी मान हलवली. मग पेन माझ्या हातातून घेऊन खाली स्वतः लिहिले, "वरचं गेलं. खाली बोगी तीच असेल." आणि पान फाडून खिशात ठेवले.