पारदर्शक पंखांचा पीळ

विमान आरपार दिसावं ही हौस आधी लष्कराला झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी काही विमानांना कापडाऐवजी सेलॉन नावाचं पारदर्शक आवरण चढवून पाहिलं. आकाशात ती शत्रूच्या नजरेला पडणार नाहीत, असा हिशेब होता. लिंके-हॉफमान आर-१ या अवाढव्य बॉम्बफेकी विमानाच्या पहिल्या नमुन्यावर हेच सेलॉन होतं, आणि झालं उलटंच. त्यावर ऊन चमकायचं आणि विमान दुरूनच डोळ्यांत भरायचं. शिवाय हवा पालटली की ते आवरण कधी सैल पडे, कधी आक्रसे. शंभर वर्षांनी मॉडेल विमानांच्या छंदातही दिसणं आणि ताण, याच दोन गोष्टी नडतात.

मॉडेलला पारदर्शक फिल्म कोणती लावावी हे सोपं करून लिहा, अशी संपादकांची मागणी आहे. बहुतेकांना हा प्रश्न रंग निवडण्यापुरता वाटतो. दुकानात लाल, पिवळा, निळा रोल उलगडला जातो, गिऱ्हाईक तो उजेडासमोर धरून बघतं आणि सौदा होतो. काही पालक तर विचारतात, गुच्छाला गुंडाळतात तो जिलेटीन पेपर का नको? कारण तो दमट हवेत सैलावतो, इस्त्रीनं आवळत नाही, आणि एकदा चीर गेली की ती थांबत नाही.

मॉडेलच्या फिल्मला एका बाजूनं उष्णतेवर वितळणारा गोंद असतो. बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर ती कडांनी छोट्या इस्त्रीनं चिकटवायची, मग तापमान वाढवून ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून घ्यायची. ओराकव्हर, मोनोकोट या पॉलिएस्टरच्या. जास्त उष्णता सोसतात, ताण धरून ठेवतात. पॉलिप्रॉपिलीनची फिल्म हलकी, कमी उष्णतेवर आवळणारी, म्हणून नाजूक सांगाड्याला बरी. पण इस्त्री जरा जास्त तापली की भोक पडलंच. थर्माकोलच्या पंखाला कमी तापमानाचीच फिल्म हवी. तो १०० अंशांच्या आसपास स्वतःच मऊ पडतो.

आता वजन. ओराकव्हरसारखी नेहमीची फिल्म चौरस मीटरला साधारण ६० ते ७० ग्रॅम भरते, हलक्या जाती ४० च्या आसपास. दीड मीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद पंखाला वरून-खालून मिळून पाऊण चौरस मीटर फिल्म लागते. म्हणजे फरक साधारण २० ग्रॅमचा, दोन छोट्या सर्व्हो मोटारींच्या वजनाएवढा. त्याच जातीत पारदर्शक फिल्म अपारदर्शक रंगांपेक्षा बहुधा हलकी असते, कारण तिच्यात रंगद्रव्य कमी.

खरा वाद मात्र वजनाचा नाही, पिळाचा आहे, आणि इथे वाचकांनी थोडा धीर धरावा.

नुसता रिब्ज (आडव्या फासळ्या) आणि स्पार (लांबीचा कणा) यांचा पंख हातात धरून टोकाला पिळला तर सहज वळतो. त्याला चारही बाजूंनी कातडं मिळालं की बंद नळी तयार होते आणि ती पिळाला विरोध करते. किती, ते कातड्यावर अवलंबून. पूर्वी जपानी टिश्यू कागद लावून त्यावर डोप, म्हणजे सेल्युलोजचं पातळ लुकण, फिरवत. तंतूंचा तो कागद वाळला की कडक होतो आणि सांगाड्याचा भागच बनतो. फिल्म ताठ दिसते, पण तेवढ्याच वजनात तितका आधार देत नाही. प्रस्तुत लेखक हे वर्षानुवर्षं सांगत आला आहे, आणि दर वेळी एकच उत्तर मिळतं : ‘मग गॉसमर अल्बॅट्रॉस कसं उडालं?’

उदाहरण खरं आहे. १२ जून १९७९ रोजी ब्रायन ॲलननं पेडल मारत इंग्लिश खाडी ओलांडली ते विमान पारदर्शक मायलर फिल्मनंच मढवलेलं होतं. ते घडवणारे पॉल मॅकक्रीडी तर लहानपणापासूनचे मॉडेलवाले. पण त्या पंखाला बाहेरून तारांचे ताण होते. भार तारा आणि कार्बनच्या नळ्या घेत, फिल्म फक्त आकार देत होती. आपल्या ग्लायडरला तारा कुठे असतात?

गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याचं हलक्या पारदर्शक फिल्मचं देखणं ग्लायडर सूर मारताना थरथरलं आणि पंख हवेतच फुटला. मैदानावर सगळ्यांनी दोष गोंदाला दिला. तुकड्यांत गोंदाचे सांधे शाबूत होते. रिब्ज मधोमध मोडल्या होत्या. पंख पिळवटला, फडफडू लागला आणि गेला. त्या मुलाला कुणीतरी वेळेवर एवढंच सांगायला हवं होतं की फिल्म निवडण्याआधी उघडा सांगाडा पिळून बघ. सहज वळला तर पुढच्या कडेला बाल्साची पातळ पाटी चढवून डी-बॉक्स कर, नाहीतर तिरक्या रिब्ज घाल. फ्री-फ्लाइटवाले, म्हणजे रिमोटविना मॉडेल उडवणारे, मायलरवर टिश्यू चढवतात, तोही उत्तम उपाय आहे.

दिसण्याचा मुद्दा लहान आहे, पण विमान घालवणारा. ऊन मागून आलं की पारदर्शक पंख झळाळतो. लांब गेला की तो डावीकडे कलला की उजवीकडे हे कळत नाही. म्हणून पंखाखाली गडद अपारदर्शक पट्टे हवेतच. बाल्साची पाटी असेल तिथे तर पारदर्शक फिल्म लावूच नये. पेन्सिलीची रेघ, गोंदाचा डाग, सगळं वर येतं.

पावसाळ्यात आपल्याकडे बाल्सा ओल धरतो, उन्हाळ्यात सुकतो, आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. त्या काढताना पंख सपाट फळीवर दाबून ठेवावा आणि वरची-खालची बाजू आळीपाळीनं तापवावी. एकच बाजू आवळली तर पंखात नवा पीळ बसतो. टोकाला मुद्दाम दिलेला दोन-तीन अंशांचा उतार दोन्ही पंखांत सारखा राहिला आहे ना, हे विमान मैदानावर नेण्याआधी मागून डोळा लावून तपासावं.